कमीत कमी आवाज

फोन वाजला तेव्हा गुलाब रामटेके अंगणात खुर्ची टाकून चहा निवायची वाट पाहत बसला होता. पूर्वी चहाची वाट पाहणं त्याच्या स्वभावात नव्हतं; बशीत ओतायचा, दोन फुंकरा मारायच्या, की घशाखाली. आता फुंकर मारता येत नाही. ऑपरेशनपासून त्याचा श्वास तोंडातून येत-जात नाही, गळ्याखालच्या भोकातून येतो-जातो, आणि गळा काही बशीवर धरता येत नाही. एकदा त्याने तेही करून पाहिलं होतं. रुखमा, त्याची बायको, हसत हसत चुलीपाशी बसली होती आणि मग बराच वेळ तिथेच तोंड फिरवून बसून राहिली होती. तेव्हापासून तो चहा समोर ठेवून नुसता बघत बसे. तर फोन वाजला, नंबर अनोळखी होता, आणि तो खुर्चीत ताठ बसला, कारण त्या आठवड्यात अनोळखी नंबरावरून यावा असा फोन एकच होता. त्याने हिरवं बटण दाबलं आणि फोन कानाला लावला. "हॅलो," पलीकडचा माणूस म्हणाला, "गुलाब रामटेके का? कुरिअरमधून बोलून राह्यलो. फॉरेनचं पार्सल हाय तुमच्या नावचं. घरी हाव का?" गुलाब म्हणाला, "हो." चांगला म्हणाला. ओठांचा चंबू केला, मान हलवली, छाती भरून घेतली. पण पेरूवर बसलेली चिमणीसुद्धा जागची हलली नाही. "हॅलो? बोला नं भाऊ. आवाज नाई येऊन राह्यला तुमचा. हॅलो?" मग फोन कट झाला.

चहा तसाच राहिला. गुलाब फोनकडे बघत होता, आणि थोड्या वेळाने फोननेच त्याला मेसेजमधून कळवलं की ग्राहकाने प्रतिसाद दिला नाही, आज संपर्क न झाल्यास पार्सल पाठवणाऱ्याकडे परत जाईल. पाठवणाऱ्याकडे म्हणजे कुठे, हे गुलाबला चांगलं ठाऊक होतं. समुद्रापलीकडे. त्याने तो नंबर उलट लावून पाहिला. एका बाईने आधी हिंदीत आणि मग इंग्रजीत सांगितलं की या नंबरावर फोन करता येत नाही. मेसेज पाठवला, तो गेलाच नाही. मुलीला, रिनाला, लिहिलं. पण ती बल्लारपूरच्या पेपर मिलमध्ये लॅबला होती, ड्युटीवर फोन बाहेरच्या कपाटात ठेवावा लागतो, मेसेजवर एकच खूण उमटून राहिली. रुखमा मूल गावी भावाकडे गेलेली, संध्याकाळच्या गाडीशिवाय येणार नव्हती. शेजारी कोणाला तरी फोनवर बोलायला सांगावं म्हणून तो फाटकापर्यंत गेला, पण हलका, लवकर पिकणारा धान कापणीला आला होता आणि मोहल्ल्यात कोंबड्यांशिवाय कोणी नव्हतं. समोरची आजी तेवढी ओट्यावर होती, तर तिला ऐकू येत नाही. एका बोलू न शकणाऱ्या माणसाने एका ऐकू न येणाऱ्या बाईला फोनवर बोलायला सांगायचं, हे चित्र डोळ्यांपुढे आलं आणि त्याही अवस्थेत गुलाबला हसू फुटलं. हसण्याचा आवाज येत नाही, फक्त गळ्यावरचं फडकं उडतं.

चूक त्याचीच होती, आणि अशी होती की कोणाला सांगितली तर खरी वाटू नये. पार्सलसाठी नाव-पत्ता भरताना रिनाने विचारलं होतं, "बाबा, फोन नंबर आईचा टाकू का?" आणि त्याने बोलण्याऐवजी लिहायच्या पाटीवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'माल माझा. नंबर माझा.' रिना पाटीकडे बघत राहिली होती. त्या क्षणी तो साफ विसरला होता. गळ्यातलं भोक रोज पुसणारा, पाटीचा फुटका कोपरा अंगठ्याने चाचपत झोपणारा माणूस, फोन आला तर आपण बोलू हे इतकं धरून चालला होता की पोरीला ते मोडवलं नाही. आता त्याला वाटलं, तिलाही विसरावंसं वाटलं असेल. दोघं मिळून विसरले होते आणि त्या विसरण्यात काय गोड वाटलं होतं! रागवायला घरात कोणी नव्हतं आणि स्वतःवर रागवायचं म्हटलं तर पुरुषासारखं ओरडताही येत नव्हतं. तो परत खुर्चीवर येऊन बसला. चहावर साय धरली होती.

ओरडायची सवय तशी त्याला कधी नव्हतीच. गुलाब रामटेके झाडीपट्टीच्या नाटकांत प्रॉम्प्टर होता, आणि प्रॉम्प्टर ओरडायला लागला तर नाटकाचं झालंच म्हणायचं. दिवाळी झाली की गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, मंडईच्या रात्री नाटक असतं, आणि गुलाबच्याच गावाहून, वडशाहून, निघालेल्या कंपनीच्या गाड्या आज या गावात तर उद्या त्या गावात. नटांना तालमी थोड्या आणि नाटकं फार. मग विंगेत, पडद्याच्या कडेला, मांडीवर पुस्तक घेऊन गुलाब बसे. शब्द अडकलेल्या नटाच्या कानापर्यंत वाक्य पोचवायचं, आणि त्याच्यापुढे हातभरही जाऊ द्यायचं नाही. पहिल्या रांगेतल्या पोराने ऐकलं तर वाक्य वाया गेलं. हे त्याला कोणी शिकवलेलं नव्हतं. त्याचा आवाजच तसा होता, पातळ, सरळ जाणारा, वाटेत न सांडणारा. राजाला तो राजासारखं सांगे, सासूला सासूसारखं, मरणाऱ्याला मरता मरता. विंगेच्या बांबूवर नखाने एक टिचकी म्हणजे तुमचं वाक्य, दोन टिचक्या म्हणजे थांबा, अजून वेळ आहे. हजारो माणसांनी त्याचे शब्द ऐकले होते आणि एकानेही त्याचा आवाज ऐकला नव्हता. याचं त्याला वाईट वाटे का? लोक विचारत. गुलाबला तो प्रश्नच कळत नसे. स्वातीबाईसारखी नटी भर प्रवेशात अडली, आणि तिचे डोळे न वळता फक्त तिचा कान, म्हणजे कानातला झुबका, विंगेकडे किंचित झुकला, की आपण आहोत हे त्याला कळे. तेवढं त्याला पुरत असे.

जागरणासाठी सुपारी-तंबाखूचा खर्रा होता, खर्ऱ्यावर बिडी होती, आणि पुढे डॉक्टरांनी घशाचा कॅन्सर सांगितला. नागपूरच्या दवाखान्यात त्याने ऑपरेशनच्या आधी रुखमाशी शेवटचं बोलून घ्यायचं ठरवलं होतं. दोन-तीन चांगली वाक्यं त्याने मनाशी जुळवलीही होती. इतकी नाटकं मांडीवरून गेलेल्या माणसाला वाक्यांची काय वाण. पण वॉर्डबॉय गाडी घेऊन आला तेव्हा तो म्हणाला, "घराची चाबी रिनाजवळ हाय." तेच शेवटचं. रुखमा अजून कधी कधी ते वाक्य त्याच्यासारख्याच दबक्या आवाजात म्हणून दाखवते आणि हसते. त्या हिवाळ्यात कंपनीने त्याच्या औषधपाण्यासाठी एक प्रयोग लावला. गुलाब प्रेक्षकांत खुर्चीवर, गळ्याला फडकं बांधून. सुरुवातीला माइकवरून त्याचं नाव घेतलं गेलं, आणि इतकी वर्षं विंगेत काढलेल्या माणसाचं नाव पहिल्यांदा सगळ्या मंडपाने ऐकलं. टाळ्या पडल्या. त्याला उठून हात जोडायला सांगितलं, त्याने जोडले. पण तो टाळ्या ऐकत नव्हता. दुसऱ्या अंकात स्वातीबाई अडली, तिच्या कानातला झुबका विंगेकडे झुकला, आणि विंगेतून नव्या प्रॉम्प्टरचा आवाज पाचव्या रांगेतल्या गुलाबपर्यंत स्वच्छ आला. सगळ्यांपर्यंत आला. कोणीतरी हसलं. लोकांनी त्याच्यासाठी एवढं केलं होतं, आणि तो बसून विचार करत होता की वाक्य सांडलं.

दवाखान्यातल्या बाईंनी बोलायचं यंत्र शिकवलं होतं. विजेरीएवढं असतं, हनुवटीखाली दाबून धरायचं, अंगठ्याने बटण दाबलं की ते थरथरतं आणि ती थरथर तोंडात जाते. तिला ओठ-जिभेने आकार द्यायचा, की शब्द. तिथलं यंत्र एकाच सुरात घरघरायचं, चक्कीसारखं, आणि मोठ्याने. बाकीचे पेशंट त्यावर खूश होते. एक म्हातारे गुरुजी तर त्यावर पाढे म्हणायचे. गुलाबही शिकला, लवकर शिकला, ओठांची त्याला पहिल्यापासून सवय. पण तसलं यंत्र घरी न्यायला तो तयार होईना. त्याने पाटीवर लिहिलं, 'हळू नाही होत का?' बाई म्हणाल्या, "काका, लोक तर मोठा आवाज मागतात." मग रिनाने शोधायला घेतलं. रात्रपाळीहून आली तरी जेवता जेवता एका हाताने शोधायची. आणि अमेरिकेतल्या एका दुकानात तिला ते सापडलं: बटण जितकं दाबाल तितका सूर चढणारं, आणि आवाजाला वेगळं चाक असलेलं. तिने दुकानदाराला ई-मेल लिहिला, बाबांनी सांगितलं तसाच. आवाज कमीत कमी किती होतो? दुकानदाराने उत्तर दिलं की इतकी वर्षं तो हे विकतो आहे, जास्तीत जास्त किती असं सगळे विचारतात, कमीत कमी विचारणारे तुम्ही पहिलेच. म्हणून त्याने एक यंत्र सुरू करून, चाक तळाला नेऊन, स्वतः पावलं मोजत मागे सरकून पाहिलं, आणि टेबलाच्या पलीकडे गेल्यावर ते ऐकू येईनासं झालं. गुलाबने तो ई-मेल रिनाकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतला. एक माणूस, ज्याचा चेहरा आपण कधी पाहणार नाही, आपल्या प्रश्नासाठी आपल्या दुकानात उलटा चालतो आहे. हे आठवलं की त्याचा ऊर भरून येई.

अडचण एवढीच होती की ते दुकान देशाबाहेर माल पाठवत नव्हतं. त्यावर तोडगा असतो हे रिनाच्या मैत्रिणीला माहीत होतं, तिने तसाच कॅमेरा मागवला होता. अमेरिकेत एक गोदाम असतं, तिथे तुमच्या नावाने एक खण मिळतो आणि खणाचा पत्ता मिळतो. दुकानदार माल त्या पत्त्यावर टाकतो, गोदामवाले तो उघडून बघतात, फोटो काढून तुम्हाला दाखवतात, आणि पुन्हा बांधून इकडे रवाना करतात. गुलाबला यातलं सगळ्यात जास्त काय आवडलं, तर आपला पत्ता. ज्या माणसाने गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया एवढीच दुनिया, तीही कंपनीच्या गाडीच्या खिडकीतून, पाहिली होती, त्याच्या नावाचा आता अमेरिकेत एक पत्ता होता. रुखमा त्याला चिडवायची, "आता तिकडचे हो तुम्ही. इथी काऊन बसले?" आणि गोदाम म्हणजे तरी काय? एकाचं घ्यायचं, फोडून बघायचं ते नीट आहे का म्हणून, आणि ज्याचं त्याला पोचवायचं. मधल्यामध्ये आपलं काही ठेवायचं नाही. हे काम गुलाबला परकं वाटण्यासारखं नव्हतंच.

मग फोटो आला. राखाडी टेबल, उघडलेलं खोकं, त्यात काळ्या कापडी पिशवीवर आडवं ठेवलेलं यंत्र, आणि कडेला, खोक्याचं झाकण धरून ठेवलेला एक अंगठा. नखावर निळं नेलपॉलिश, अर्धं उडालेलं, आणि सांध्यावर औषधाची पट्टी. यंत्र गुलाबने पाहिलं, पण नंतरचे कितीतरी दिवस तो पाहत राहिला तो अंगठा. पुठ्ठ्याने कापलं असेल. दिवसभर खोकी उघडायची म्हणजे हात कापणारच. रुखमाचे धान कापताना कापतात तसे. बाई असेल, पोरगी असेल, काय सांगावं, तिकडचा एखादा पोरगाही असेल. गोदामातून विचारणा आली होती की यात बॅटरी आहे, विमानाचे नियम आहेत, ही वस्तू कशासाठी ते लिहा. रिना काहीतरी लांबलचक इंग्रजी लिहायला लागली तेव्हा गुलाबने तिचा हात धरला आणि पाटी पुढे केली. 'माझे वडील याने बोलणार आहेत,' एवढंच लिही. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: बॅटरी नियमाप्रमाणे वेगळी बांधली आहे, आणि यंत्राला आम्ही आणखी एक वेढा दिला आहे. शेवटचं वाक्य नियमात नसणार. कोणी नियमात दुसरा वेढा लिहून ठेवत नाही. गुलाबला खात्री होती की तो त्याच अंगठ्याने दिला.

आणि आता ते सगळं, दुकानदाराचं उलटं चालणं, तो वेढा, रिनाच्या मोडलेल्या झोपा, समुद्र ओलांडून, मुंबईच्या कस्टममधून सुटून, नागपूर करत, वैनगंगेच्या पुलापर्यंत येऊन, एका "हो"साठी परत चाललं होतं. दिवाळीनंतर मंडई. तालमी पुढच्या सोमवारपासून. कंपनीच्या मालकाने विचारलं होतं, या खेपेला कोणाला बसवू, आणि गुलाबने छातीवर हात ठेवला होता. मालकाने नुसती मान हलवली होती, ती हो म्हणायची की बिचारा म्हणायची, ते कळलं नव्हतं. यंत्र परत गेलं तर या हंगामात पुन्हा येत नाही, आणि या हंगामात विंग गेली तर पुढच्या हंगामात कोण कोणाला ओळखतो? गुलाबने डोळे मिटले. श्वास गळ्यातून घरघरत होता, स्वतःलाच ऐकू जाईल असा. त्याला विंगेचा वास आठवायचा होता, पावडरचा, पेट्रोमॅक्सच्या काळातल्या रॉकेलचा, पण वासही ऑपरेशनबरोबर गेला होता. गिरणीच्या उकड्या तांदळाचा वास गावभर पसरतो म्हणतात, त्याला तो येत नाही. बोटं मात्र होती. त्याच्या उजव्या हाताचं बोट खुर्चीच्या लोखंडी दांड्यावर आपसूक वाजत होतं. टक. टक. त्याचं त्यालाच ते बऱ्याच उशिरा ऐकू आलं.

फोन पुन्हा वाजला तेव्हा त्याने तो कानाला लावला नाही. स्पीकरवर टाकला, मांडीवर ठेवला, आणि "हॅलो" येताच नखाने त्याच्या पाठीवर एक टिचकी मारली. टक.

"हॅलो? कोन हाय?"

टक.

पलीकडे मोटारसायकल बंद झाल्याचा आवाज आला. "भाऊ, तुमी आयकून राह्यले का?"

टक.

"बोलता नाई येत का तुमाले?"

गुलाबचा हात थांबला. हो म्हणजे एक टिचकी. पण बोलता येत नाही, याला हो कसं म्हणायचं? आजवर कोणी इतकं सरळ विचारलंच नव्हतं. डॉक्टर गोल बोलायचे, पाहुणे हातवारे करायचे. त्याने एक टिचकी मारली. फार हलकी बसली.

"असं असं," माणूस म्हणाला, आणि त्याचा सूर बदलला. दयेचा झाला नाही, कामाचा झाला. "मंग असं करू. मी विचारतो. हो असन तं एक वाजवा, नाई असन तं दोन. गुलाब रामटेके तुमीच नं?" टक. "घरी हाव?" टक. "रेल्वे फाटकाच्या इकडं का तिकडं?" गुलाब थांबला. "हे माहं चुकलं, याचं उत्तर टकटक मंधी कसं देसान! स्टेशनच्या बाजूनं?" टक टक. "मंग विहाराच्या बाजूनं." टक. "विहाराच्या मांगं?" टक टक. "समोर?" टक. "पेरूचं झाड हाय का दारात?" गुलाबने वर पाहिलं. याला कसं कळलं? त्याने घाईने एक टिचकी मारली. "तं मंग मी तुमच्या दारातच उभा हाव नं भाऊ! फाटक उघडा."

फाटकाबाहेर खरोखरच एक चाळिशीतला माणूस मोटारसायकलवर बसला होता, पाठीवर माणसाएवढी पिशवी, कानाला फोन. गुलाबच्या गळ्यावरचं फडकं त्याने एकदाच पाहिलं आणि मग चेहऱ्याकडे पाहिलं. त्याचं नाव कुलदीप, ब्रह्मपुरीचा. हे त्याने पिशवीत हात घालता घालता सांगितलं, विचारलं नसताना, जणू एका बाजूने दोघांचं बोलून घेत होता. "मी तं परतच टाकून देत होतो पार्सल. लोक फोन उचलत नाईत, उचलला तं शिव्या देतात. पण पयल्या फोनवर मले श्वास आयकू आला. मोठ्यानं. म्हटलं, फोन काही खाली पडलेला नाई, मानूस हाय तिकडं. गाव फिरलो, पन ते डोक्यातून जाईना. म्हून आलो इकडं, आनि या मोहल्ल्यात शिरून लावला पुन्हा." मोबाइलवर आलेला ओटीपीचा आकडा गुलाबने त्याला दाखवला, सही केली. खोकं हातात आलं. दिसायला मोठं, उचलायला हलकं. कुलदीपने गाडीला किक मारली. आणि गुलाबला एकदम आठवलं की दारात आलेल्या माणसाला आपण पाणीसुद्धा विचारलं नाही. थांबा नं भाऊ, चाय घेऊन जा. वाक्य तयार होतं, पुस्तकात लिहिल्यासारखं डोळ्यांसमोर होतं. हात वर करेपर्यंत गाडी वळणावर गेली होती. गुलाब खोकं पोटाशी धरून फाटकात उभा राहिला, आणि गेल्या वर्षभरात आवाजावाचून इतकं अडलं नव्हतं, असं त्याला वाटलं.

दुसरा वेढा होता. बुडबुड्यांच्या प्लॅस्टिकचा एक, आणि त्यावर आणखी एक, चिकटपट्टी नीट दुमडून लावलेली, सोडवणाऱ्याला टोक सापडावं म्हणून. पण यंत्र लगेच बोललं नाही. बॅटरी रिकामी होती, आणि चार्जरच्या चपट्या पिना भिंतीतल्या सॉकेटात बसेनात. संध्याकाळी रुखमा मूलहून आली ती तशीच परत बाजारात गेली आणि मोबाइलच्या दुकानातून पिनांचा जोड घेऊन आली. दोघं चार्जरच्या तांबड्या दिव्यासमोर बसली. तो हिरवा झाला तेव्हा गुलाबने चाक मध्यावर ठेवलं, हनुवटीखालची जागा चाचपून यंत्र दाबलं, आणि म्हणाला, "रुखमा." घरघर होती, नाकातून आल्यासारखी, पण अंगठा सैल केला तसं नावाचं शेवटचं अक्षर खाली उतरलं, तो पूर्वी उतरवायचा तसं. रुखमाने तोंडावर पदर घेतला. "मिक्सर लावल्यावानी वाटते," ती पदरातून म्हणाली. मग म्हणाली, "आनखी बोला." दवाखान्यात म्हणायची राहिलेली वाक्यं आता आठवत नव्हती. तो म्हणाला, "घराची चाबी कुठी हाय?" आणि रुखमा हसता हसता रडली आणि रडता रडता त्याच्या दंडावर चापट्या मारत राहिली.

सोमवारी तालीम होती, दुपारची, कंपनीच्या हॉलमध्ये. तोवर गुलाबची घरातल्या भिंतीला, पेरूला, समोरच्या बहिऱ्या आजीला सगळी नाटकं ऐकवून झाली होती. चार-चौघांना त्याने मोठ्या आवाजात रामराम, जय भीम केला, लोकांनी कौतुक केलं, पाठीवर हात ठेवले, आणि त्याला ते सगळं आवडलं; पण कौतुक करणाऱ्यांना ठाऊक नव्हतं की त्याला काय पाहिजे. मालकाला ठाऊक होतं. मालक शेवटच्या भिंतीशी खुर्ची टाकून हाताची घडी घालून बसला. आणि त्याच्या शेजारी, दाराजवळ, कुलदीप होता. कंपनीचे छापील पडदे आले होते, त्यांचं खोकं टेकवून, सही मिळेपर्यंत बघत बसला होता. गुलाबने त्याला पाहिलं. बोलायला जावं, तोच तबला सुरू झाला. गुलाब विंगेच्या बांबूशी जाऊन बसला, पुस्तक मांडीवर घेतलं, चाक तळाला नेलं, आणि यंत्र गळ्याला लावून वाट पाहत राहिला. स्वातीबाई आईच्या भूमिकेत होती. ती बोलली, चालली, बोलली, आणि एका जागी थांबली. मुद्दाम थांबली की खरंच अडली, हे गुलाबने तिला कधी विचारलं नाही. डोळे समोरच होते. कानातला झुबका विंगेकडे झुकला.

त्याने अंगठा अगदी हलका टेकवला. हाडातून एक बारीक कंप जबड्यात शिरला, आणि त्याने तो ओठांवर घेऊन, न सांडता, सरळ तिच्याकडे सोडला. "पोरा, दार उघडंच हाय." स्वातीबाईच्या मानेवरचं काहीतरी सैल झालं. तिने एक पाऊल पुढे टाकलं, आणि ते वाक्य तिच्या मोठ्या, भरल्या आवाजात हॉलभर गेलं. प्रवेश पुढे चालू राहिला. संपला तेव्हा मालकाने हाताची घडी सोडली आणि शेजारी विचारलं, "मंधी काही आयकू आलं का तुमाले?"

"कायचं?" कुलदीप म्हणाला. "त्या बाई बोलल्या ते?"

"त्याच्या आधी."

"नाई बा. त्याच्या आधी तं काहीच नोयतं."

मालकाने विंगेकडे पाहिलं आणि एकदाच मान हलवली; या वेळी तिचा अर्थ कळत होता. ऐकू आलं नव्हतं. शेवटच्या भिंतीपर्यंत, दाराशी बसलेल्या, श्वासही ऐकणाऱ्या माणसापर्यंत, काहीच आलं नव्हतं. गुलाबने मांडीवरचं पुस्तक मिटलं. यंत्र मुठीत गरम झालं होतं, बटणावर त्याचा अंगठा अजून तसाच होता, जाड, नखात शेतातली माती असलेला. आणि त्याच्याकडे बघता बघता निळं नेलपॉलिश आठवलं, टेबलापलीकडे मागे मागे सरकणारा दुकानदार आठवला, जेवता जेवता एका हाताने शोधणारी रिना आठवली. यांच्यातल्या कोणाला काय म्हणावं, आणि ते तिथवर कसं पोचवावं? दाराशी सही झाली होती. कुलदीप पिशवी पाठीला लावून पायऱ्या उतरला होता, गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

गुलाबने चाक फिरवलं, वरपर्यंत, जिथवर फिरत होतं तिथवर, आणि अंगठा पूर्ण दाबला. तबलेवाला दचकला, स्वातीबाईने वळून पाहिलं, हॉलमधली सगळी माणसं विंगेकडे बघायला लागली.

"थांबा नं, कुलदीपभाऊ! चाय घेऊन जा!"

बाहेर कुलदीपने गाडी बंद केली.